बिनतारी प्रार्थना

आमच्या प्रार्थनागृहात ज्यांना ज्यांना कमी ऐकू येतं, त्या सगळ्यांच्या कानात आज गुरुजींचं प्रवचन थेट जाऊन पोचतं. मध्ये तार नाही, ओरडाआरडा नाही, शेजाऱ्याच्या बरगडीत कोपर खुपसून "काय म्हणाले हो?" विचारणं नाही. हे कोणी केलं? मी. स्वतःच्या तोंडानं सांगतोय, कारण बायकोच्या तोंडून ऐकलंत तर हकिकत जरा वेगळी निघेल.

खरं म्हणजे माझा आणि यंत्रांचा छत्तीसचा आकडा. मी विमा कचेरीत आहे, लोकांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवण्याच्या विभागात. घरातला बल्ब गेला तर बायको स्टुलावर चढते आणि मी खाली स्टूल धरतो. स्टूल धरणं हेही जबाबदारीचं काम आहे. पण असो.

निमित्त झालं आईचं. आईला गाण्याचं भारी वेड. प्रार्थनेच्या शेवटी सगळ्यांनी उभं राहून म्हणायचं स्तोत्र आजच्या निम्म्या मंडळींना शिकवलं ते तिनंच. पण गेल्या काही वर्षांत तिचे कान गेले. कानात घालायचं मशीन आणलं होतं. घरात त्याचा उपयोग व्हायचा. बायको आणि मी आतल्या खोलीत काय बोलतो ते तिला बरोबर कळायचं. प्रार्थनागृहात मात्र त्याचा काही पाड लागेना. उंच छत, मोकळ्या भिंती, सगळा आवाज घुमणारा. "तुमच्या त्या मशीनमधून गुरुजी कमी आणि पंखा जास्त ऐकू येतो," असं म्हणून तिनं ते कपाटात ठेवून दिलं.

आई गाताना डोळे मिटते. एकदा स्तोत्र संपलं, सगळे खाली बसले, आणि आई आपली उभीच. डोळे मिटून, मोठ्या सुरात, पुढचं कडवं. त्या दिवशी ते कडवं म्हणायचंच नव्हतं. गुरुजी थांबले, पेटी थांबली. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं, मग आणखी कोणी. मी बाही ओढली तेव्हा तिनं डोळे उघडले आणि सगळं सभागृह बसलेलं बघितलं.

पुढच्या आठवड्यात तिचे गुडघे दुखायला लागले. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नेमके प्रार्थनेच्याच दिवशी. मग एकदा हसतहसत म्हणाली, "अरे, देवाला माझं ऐकू येतं ना? मग झालं. मला तिथलं नाही आलं तरी चालेल." पण दर आठवड्याला त्या सकाळी ती लवकर आंघोळ करायची, जायचे कपडे घालायची आणि खिडकीत बसून जाणारी माणसं बघायची. मला फार वाईट वाटायचं. मी तसा कोडगा माणूस आहे, कचेरीत लोक रडलेले बघितलेत, पण ते खिडकीतलं बसणं बघवेना.

अशातच कचेरीच्या सहलीत एका संग्रहालयात गेलो. तिथं प्रत्येकाच्या गळ्यात एक डबी आणि कानावर हेडफोन. वाटाड्या पुढं अगदी हळू बोलतोय आणि मागचा शेवटचा माणूसही मान डोलावतोय! माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. वाटाड्याच्या जागी गुरुजी उभे करायचे, की झालं काम. बाकी संग्रहालय मी बघितलंच नाही.

घरी येऊन बेत सांगितला. शेजारचे हेडमास्तर तेव्हा आमच्याकडे पेपर वाचायला आले होते. निवृत्त झाल्यापासून ते आमचाच पेपर वाचतात आणि आम्हालाच त्यातलं समजावून सांगतात. ते म्हणाले, "यंत्रबिंत्र नको. कान हा स्नायूसारखा आहे. वापरला नाही की आळशी होतो. तुम्ही आईंशी उलट हळू बोला. म्हणजे कानाला प्रयत्न करावा लागेल."

"तुमच्या वर्गात हाच प्रयोग चालायचा का हो?" बायकोनं चहा ठेवताठेवता विचारलं. हेडमास्तर पेपरात शिरले.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचं म्हणणं, लाउडस्पीकरच मोठा करा. हा सल्ला प्रार्थनागृहाच्या मंडळाला फार पटला, कारण त्यात काही करावं लागत नव्हतं, नुसतं बटण पिळायचं. चिटणीससाहेबांनी ते जातीनं पिळलं. त्या आठवड्यात गुरुजी 'शांती' या विषयावर बोलले आणि एक खिडकीची काच तडकली. समोरच्या इमारतीतून तक्रार आली. पहिल्या रांगेतल्या ज्येष्ठांना विचारलं, ऐकू आलं का? ते म्हणाले, "काहीतरी हादरत होतं खरं."

मग मी मंडळासमोर माझी योजना मांडली. चिटणीससाहेब म्हणजे कडक माणूस. त्यांच्यासमोर काहीही मांडा, ते डोळे बारीक करून बराच वेळ आपल्या तोंडाकडे बघतात आणि म्हणतात, "लेखी द्या." मी लेखी दिलं. वाचून म्हणाले, "आपल्याकडे बहिरं आहेच कोण? आणि बिनतारी म्हणजे सरकारी परवानगी लागणार. ती आणा, मग बघू."

माझा सगळा जन्म कचेरीच्या खिडकीच्या आतल्या बाजूला गेलेला. बाहेरच्या बाजूला उभं राहिल्यावर माणूस किती बुटका दिसतो, हे मला आत्ता कळलं. पहिली खिडकी आवाजाची.

"आवाज किती मोठा होणार?" साहेबांनी विचारलं.

"अजिबात होणार नाही. फक्त कानात."

"मग इथं कशाला आलात? आम्ही आवाजाची परवानगी देतो. शांततेची देत नाही."

दुसरी खिडकी बिनतारी संदेशांची, दुसऱ्याच इमारतीत, आणि तिथली लिफ्ट बंद. तिथल्या बाईंनी विचारलं, "संदेश एकतर्फी की दुतर्फी?"

"प्रवचन आहे हो बाई. एकतर्फीच असतं."

बाईंनी कागद उलटसुलट बघितले आणि म्हणाल्या, "एवढ्या कमी ताकदीच्या यंत्राला परवानगी लागतच नाही." मी म्हटलं, देवच पावला. तेवढं लिहून द्या. त्यावर त्या म्हणाल्या, "परवानगी लागत नाही असं लिहून द्यायला वरिष्ठांची परवानगी लागते. वरिष्ठ रजेवर आहेत. अर्ज ठेवून जा." कचेरीत मीही लोकांशी अगदी याच गोड आवाजात बोलतो. तो ऐकायला किती संतापजनक वाटतो, याची मला कल्पनाच नव्हती.

पण गंमत बघा. मंडळापुढं मी जेव्हा म्हटलं की "अर्ज विचाराधीन आहे", तेव्हा सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले. नकारापेक्षा आणि होकारापेक्षाही आमच्या मंडळाला विचाराधीन गोष्टींचा जास्त आदर आहे. भिंतींचा रंग पुढं ढकलला गेला आणि त्या पैशातून यंत्र आलं.

यंत्र म्हणजे आवाज पाठवणारी एक पेटी, गुरुजींच्या माइकला जोडायची, आणि गळ्यात अडकवायच्या पुष्कळ डब्या. प्रत्येक डबीला हेडफोन आणि आवाज कमीजास्त करायचं एक बारीक चाक. डब्या रात्रभर चार्ज कराव्या लागतात, हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. प्रार्थनागृहात संध्याकाळी वीज बंद करून कुलूप लावतात. म्हणून डब्या आमच्या घरी आल्या. घरातला एकूण एक प्लग त्यांनी बळकावला. मी फ्रिजचाही काढला आणि सकाळी सगळं दूध नासलं. बायको म्हणाली, "देवाच्या कामासाठी नासलंय म्हणून बोलत नाही." आणि मग दुपारपर्यंत त्याच विषयावर बोलली.

चाचणीच्या दिवशी माइकवर मी, सभागृहात यंत्र बसवायला आलेला साउंडवाला, आणि आवाज किती लांब जातो ते बघायला गळ्यात डबी अडकवून हेडमास्तर रस्त्यावर. साउंडवाला म्हणाला, "बोलत राहा, काका. थांबायचं नाही." आता एकट्या माणसानं रिकाम्या सभागृहात बोलायचं काय? आधी एक ते शंभर आकडे म्हटले, मग उलटे म्हटले, मग घरचा पत्ता सांगितला. शेवटी मनात होतं ते आपोआप बाहेर आलं. चिटणीससाहेब कसे दगडासारखे बसून राहतात, त्यांना कशाचंच कसं काही पडलेलं नाही, आपल्याकडे बहिरं कोण म्हणून विचारणाऱ्यालाच पहिली डबी कशी दिली पाहिजे, हे मी चांगलं घोळवून घोळवून सांगितलं. आवाज लागला होता, माइक छान होता.

हेडमास्तर तेवढ्यात औषधाच्या दुकानापर्यंत पोचले होते. तिथं त्यांना चिटणीससाहेब भेटले. हेडमास्तरांचा स्वभाव मुळात शिकवण्याचा. "बघा तरी किती स्वच्छ येतंय," म्हणून त्यांनी हेडफोन काढला आणि चिटणीससाहेबांच्या कानांवर चढवला.

चिटणीससाहेब आले. चेहरा लालबुंद. हेडफोन अजून कानांवरच होता. मला वाटलं, आता यंत्र माझ्या डोक्यात घालतात. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "एक आठवडा. एकाच प्रार्थनेची परवानगी देतो. जराही गडबड झाली तर हे सगळं परत जाईल, आणि पुन्हा हा विषय मंडळापुढं येणार नाही." एवढं बोलून ते गेले. डबी मात्र गळ्यातच घेऊन गेले, ती आजतागायत परत आलेली नाही. 'लेखी द्या' म्हणण्याआधी ते आपल्या तोंडाकडं का बघतात, ते तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं.

मी घरी येऊन आईला म्हटलं, "या वेळी चल. एकदाच. नाही ऐकू आलं तर पुन्हा म्हणणार नाही." आईनं आधी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाली, "परत हसले तर?" बायकोच म्हणाली, "हसू देत की. मी आहे ना शेजारी, एकेकाला बघते." तेव्हा कुठं आई तयार झाली. पण एका अटीवर, पहिल्या रांगेत बसायचं नाही. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, म्हणजे उठून निघून जाता येईल.

त्या दिवशी सकाळी मी दारात टेबल मांडलं, डब्या ओळीनं लावल्या आणि सुबक अक्षरात पाटी लावली: 'ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी.' एक माणूस फिरकेल तर शपथ! पोस्टमास्तर आजोबा आले. चाळीस वर्षं तिकिटांवर शिक्के मारून त्यांचे कान गेले होते. पाटी वाचून ते मागं वळून ओरडले, "अहो दाताचे डॉक्टर, या, तुमच्यासाठी आहे हे!" दाताचे डॉक्टर त्यांच्याहून ठार बहिरे. ते म्हणाले, "मला कशाला? त्यांना द्या, त्यांना फार त्रास आहे." दोघंही रिकाम्या गळ्यानं आत जायला निघाले.

बायकोनं एक नजर माझ्याकडं टाकली, पाटी उचलली, उलटी केली आणि मागच्या बाजूला लिहिलं: 'मान्यवरांसाठी.' पुढच्या क्षणी टेबलावर झुंबड. पोस्टमास्तरांनी डबी घेतली, डॉक्टरांनी घेतली, पहिली रांग संपूर्ण सजली. पण ज्यांचे कान ठणठणीत ते मान्यवरही धावले. औषधवाल्यानं घेतली. हेडमास्तरांनी दोन घेतल्या, एक स्वतःला आणि एक राखीव. आईसाठी बाजूला ठेवलेली डबीसुद्धा कोणीतरी मान्यवर घेऊन गेला. उरली माझ्या गळ्यातली, संयोजकाची. टेबलामागं ती घालून उभं राहायला मला खरोखर छान वाटत होतं. ती काढून मी आईच्या गळ्यात घातली.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी मला त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हती. पहिल्या रांगेतल्या ज्येष्ठांना वर्षानुवर्षं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ते गुरुजींच्या चष्म्यावर चालायचे. वाचायचं असेल तोवर गुरुजींचा चष्मा नाकावर. स्तोत्र त्यांना पाठ, म्हणून त्या वेळी ते चष्मा काढतात. चष्मा उतरला की पहिली रांग उठायची. आणि मागचं सगळं सभागृह, ज्यांचं प्रवचनात तसंही लक्ष नसतं ते, पहिली रांग उठली की उठायचं. म्हणजे ऐकू येणारे सगळे न ऐकू येणाऱ्यांच्या भरवशावर! हा सगळा कारभार इतका सुरळीत चालला होता की गुरुजींनासुद्धा पत्ता नव्हता.

मी पुढं, गुरुजींच्या बाजूला पेटीपाशी जाऊन बसलो आणि प्रवचन सुरू झालं. विषय होता 'संयम'. पहिल्या रांगेचे चेहरे पाहण्यासारखे झाले. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी हेडफोन धरला आणि त्यांचे डोळे भरून आले. माझी छाती फुगली. सांगायला लाज वाटत नाही, चांगली फुगली.

मग पोस्टमास्तर डॉक्टरांच्या कानाशी लागले. आता, कानावर हेडफोन असला की माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. त्यांना वाटलं आपण कुजबुजतोय.

"ही गोष्ट लांबली जरा, नाही?" पोस्टमास्तर गरजले.

"मला तर शेवट आधीच कळला," डॉक्टर गरजले.

गुरुजी अडखळले. त्यांनी गोष्ट आवरती घेतली आणि दुसरी काढली.

"हां, ही बरी आहे. ही आधी सांगायला पाहिजे होती."

सभागृहात खसखस पिकली. बिचारे गुरुजी! वर्षानुवर्षं पहिली रांग त्यांच्याकडं एकटक बघत, मान डोलवत बसलेली. आज तीच रांग अभिप्राय देत होती. त्यांच्या कपाळावर घाम आला. कडेला चिटणीससाहेब उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडं बघून हात आडवा फिरवला. बंद करा! पेटीचं बटण माझ्या बोटाखाली होतं. आयुष्यभर मी वरिष्ठांची प्रत्येक खूण पाळलेली. पण आई शेवटच्या रांगेत पुढं वाकून बसली होती, तोंड जरासं उघडं, आणि गुरुजी बोलतील तसे तिचे ओठ हलत होते. मी चिटणीससाहेबांकडं बघून हसून हात हलवला, जणू ते मला नमस्कारच करताहेत.

गुरुजींनी प्रवचन कसंबसं संपवलं, चष्मा काढला आणि स्तोत्र सुरू केलं.

पहिली रांग बसलेलीच! सगळ्यांच्या माना खाली, आवाज वाढवायचं ते बारीक चाक शोधण्यात गुंग. चष्म्याकडं बघायला कोणाला वेळ होता? पहिली रांग उठली नाही म्हणून दुसरी उठली नाही, दुसरी नाही म्हणून तिसरी नाही. शेकडो माणसं ढिम्म बसलेली आणि गुरुजी एकटेच उभे, एकटेच गातायत. त्यांचा आवाज कापायला लागला. चिटणीससाहेब तरातरा माझ्या दिशेनं निघाले. मी मनाशी म्हटलं, संपलं.

तेवढ्यात शेवटच्या रांगेत आई उठली.

तिला चष्मा दिसत नव्हता, पहिली रांग दिसत नव्हती. तिच्या कानात गुरुजी गात होते, बस. तिनं डोळे मिटले आणि दुसरी ओळ उचलली. नेमकी जागेवर, नेमक्या सुरात. सगळ्या माना मागं वळल्या. बायको बाह्या सावरून एकेकाकडं बघत होती. कोणीही हसलं नाही. हेडमास्तर उठले, मग औषधवाला, मग मागून पुढं सगळं सभागृह उभं राहत गेलं आणि सगळ्यात शेवटी, काय झालं म्हणून मागं बघत, पहिली रांग. चिटणीससाहेब अर्ध्या वाटेत थांबले आणि तिथंच उभं राहून गायला लागले. कडवं संपलं तेव्हा आई सगळ्यांबरोबर थांबली, एक अक्षरही पुढं नाही. मी इतका खूश झालो की त्या पेटीलाच थोपटलं.

स्तोत्रानंतर आमच्याकडं मौन प्रार्थना असते. सगळे बसले, डोळे मिटले, माना खाली. गुरुजींनीही डोळे मिटले. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

आणि त्या शांततेत आई शेजारी बसलेल्या हेडमास्तरांच्या बायकोच्या कानाशी लागली. हेडफोन अर्थातच कानांवर होता.

"आमच्या ह्यानं केलंय हो हे सगळं," आईचा आवाज छतापर्यंत गेला. "कुठंकुठं खेटे घातले, किती जणांची बोलणी खाल्ली. मला ऐकू यावं म्हणून. त्याच्या तोंडावर मी कधी म्हणत नाही, डोक्यात जाईल त्याच्या. पण फार गुणाचं पोर आहे माझं. देवानं सगळ्यांना असं द्यावं."

मी डोळे गच्च मिटून घेतले, तरी पाणी यायचं ते आलंच.

"तुम्ही त्याला सांगू नका हं," आई म्हणाली.

या गोष्टीला बरेच दिवस झाले. चिटणीससाहेब, गुरुजी, हेडमास्तर, औषधवाला, सगळे मला रोज भेटतात. त्या दिवशी तिथं बसलेल्या शेकडो माणसांपैकी एकानंही मला अजून त्यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही.